आमच्या खास प्रतिनिधीकडून

…नाही, पण मी म्हणतो, चोरी करायची तर करा ना बाबांनो, कोण नाही म्हणतंय? पण निदान चोरासारखी तरी करा! घरातलं तांब्याचं घंगाळ कुणी उचलून नेलं तर तो काय करतो? गुपचूप भंगारात नेऊन विकतो. दुसऱ्या दिवशी तेच घंगाळ आपल्या दारासमोर पालथं घालून, त्यावर उभा राहून, 'बघा हो बघा, आमच्या घराण्याचं घंगाळ' असं भाषण ठोकतो का? नाही ना? पण हे पेपरवाले… तुम्हाला सांगतो, हे ठोकतात! आणि वर मथळ्याखाली बारीक अक्षरांत काय लिहितात? 'आमच्या खास प्रतिनिधीकडून'! अहो, कसला खास आणि कुठला प्रतिनिधी?

थांबा. असं मधूनच सांगून चालणार नाही, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस नुसता चिडलाय. चिडलोयच! पण माझ्या चिडण्याला कोण विचारतो, मी चिडलो की बायको पंखा लावते आणि म्हणते पडा जरा. खरा चिडला होता तो सुदाम.

सुदाम म्हणजे आमचा शेजारी. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमची भिंतीला भिंत. दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात पंप चालवायचा आणि उरलेल्या वेळात संपादक. कशाचा म्हणून काय विचारता, 'साप्ताहिक उल्हासकाठ'चा! ऐकलं नसेल नाव. कुणीच ऐकलं नव्हतं, नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट आहे ही. चार पानं असायची. संपादक सुदाम, वार्ताहर सुदाम, जाहिराती मागत दुकानं फिरणारा सुदाम, आणि मी मुद्रितं तपासणार आणि सायकलच्या कॅरियरवर गठ्ठा मांडीवर घेऊन बसणार. म्हणजे निम्मा स्टाफ तो आणि निम्मा मी. लोक म्हणायचे, कामगार माणूस, कशाला हे नसते धंदे? तर त्याची आई भिमाबाई दारातूनच उत्तर द्यायची, "आमच्या बाबासाहेबांनी किती पेपर काढले! माझ्या लेकानं एक काढला तर तुमच्या पोटात का दुखतं?" संपला विषय.

छपाई व्हायची उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, टेकचंदच्या छापखान्यात. टेकचंदकडे मुख्य काम लग्नपत्रिकांचं आणि पापडाच्या लेबलांचं, त्यातून मशीन मोकळं झालं की आमचा पेपर. तो सुदामला दर वेळी सांगायचा, "साईं, शादी का कार्ड लोग संभाल के रखते हैं, अखबार में समोसा बांधते हैं. तू कार्ड का धंदा कर ना मेरे साथ!" सुदाम नुसता हसायचा. बातमी हा त्याचा जीव हो. पालेगावात एकच प्लॉट दोन-दोन गिऱ्हाइकांना विकतायत असं कानावर आलं की निघाला हा चपला फाटेस्तोवर. दोन्ही गिऱ्हाइकांना भेटणार, शेतमालकाला भेटणार, परत येऊन भाकरीचे चार घास खाऊन लिहायला बसणार, चार वेळा खोडणार. त्याची बायको चांगुणा म्हणायची, एवढा वेळ तुम्ही लग्नाआधी मला पाहायलासुद्धा घेतला नव्हता.

आणि मग काय व्हायचं माहितीये? ती पालेगावची बातमी शनिवारी आमच्या पेपरात, आणि पुढच्या बुधवारी मुंबईच्या मोठ्या पेपरात! कुठला मोठा पेपर? नाव नाही घेणार. सुदामनं कधी घेतलं नाही, तो 'मोठा पेपर' एवढंच म्हणायचा, असं दात आवळून… मोठ्ठा पेपर. तर त्या मोठ्ठ्या पेपरात तीच बातमी, तीच वाक्यं, तीच क्रियापदं, आणि वर 'आमच्या खास प्रतिनिधीकडून'!

पहिल्यांदा आम्हाला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्यांदा शहाडच्या नळावरच्या मारामारीची बातमी गेली, तेव्हाही सुदाम म्हणाला, जाऊ दे, लोकांपर्यंत पोचली ना. तिसऱ्यांदा मात्र कमाल झाली. सुदामनं एका बातमीत लिहिलं होतं, 'गेल्या शनिवारच्या अंकात आम्ही म्हटल्याप्रमाणे'. साप्ताहिक आहे, लिहिणारच ना माणूस! तर त्यांनी तेसुद्धा उचललं! अहो, रोज निघणारा पेपर, आणि त्यात 'गेल्या शनिवारच्या अंकात आम्ही म्हटल्याप्रमाणे'! कधी म्हटलं होतंत रे? कुणी म्हटलं होतं? वाचून तरी चोरा!

आणि ह्यातली सगळ्यात मोठी गंमत कुठली? त्यांना आमचा अंक मिळायचा कुठून? बदलापूरच्या बाहेर 'उल्हासकाठ' मिळत होता कुठे? तर सुदाम स्वतः पाठवायचा! पोस्टानं! पदरचं तिकीट लावून! वर शिक्का, 'सप्रेम भेट'. मोठ्या पेपराच्या संपादकांनी आपलं लिखाण एकदा नजरेखालून घालावं, बस्स, एवढीच हौस बिचाऱ्याची. म्हणजे चोराला घरपोच सेवा! मी म्हटलं, "सुदाम, पाठवणं बंद कर." तर म्हणाला, "नाही रे, कधीतरी नाव छापतील." छापतायत!

बरं, इथपर्यंतही ठीक होतं हो. नाव नाही छापलं तर नाही छापलं, नावानं पोट भरत नाही. पण पुढे जे झालं ना… ऐका.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, बोरीची वाडी. वाडीखालून एक ओहोळ वाहतो. प्यायला तेच पाणी, गुरांना तेच पाणी. तर तिथे उजाडताना उजाडताना केमिकलचे टँकर यायचे. कुठून यायचे ते तुम्हीही जाणता आणि मीही जाणतो. यायचे, ओहोळाच्या काठाला लागायचे, मागची तोटी उघडायचे, सगळी घाण पाण्यात सोडून पसार! ओहोळ कधी पिवळा तर कधी जांभळा. पोरांच्या पायांना फोड, दोन शेळ्या मेल्या. वाडीवाले तक्रार घेऊन गेले तर त्यांना विचारलं, टँकरचा नंबर काय? आता अंधुक उजेडात, न शिकलेल्या माणसानं नंबर सांगायचा!

तर एके दिवशी सकाळी सुदाम आणि मी बाजारात उभे, सुदामची दुसरी पाळी होती म्हणून मोकळा होता, आणि समोरून गोमा धावत आला. गोमा त्या वाडीतला, बाजारात मोळ्या घेऊन यायचा म्हणून ओळखीचा. धापा टाकत म्हणतो, "पेपरवाला, चल लवकर! आमी टँकर धरलाय!"

पाहायला हवी होतीत सुदामची चाल! संपादकासारखा नाही, हरणासारखा पळाला! एसटी मिळाली, पुढे पायवाट, मी मागे, माझी एक चप्पल चिखलात, ती काढेपर्यंत हा वाडीत. आणि तिथे काय दृश्य, तुम्हाला सांगतो! टँकर ओहोळाच्या काठाला उभा. ड्रायव्हर एका दगडावर डोकं धरून बसलेला. भोवती वाडीच्या बायका, सकाळी लाकडाला निघालेल्या, कमरेला लाकडी आकडी, आकडीत अडकवलेले कोयते, जसे रोज असतात तसे. आणि सगळ्या ओहोळाकडे बोट दाखवून हसतायत.

झालं होतं असं की बायका लाकडाला निघाल्या तेव्हा टँकरची तोटी सोडलेली. गोमाची बायको चंद्री सरळ केबिनच्या पायरीवर चढली. ड्रायव्हर खाली बिडी ओढत होता, तो ओरडला, "ए बाई, उतर! पानी है सिर्फ, पानी! कुछ नहीं है उसमें!" चंद्रीनं ऐकून घेतलं, गाडीची चावी काढली, आणि ओहोळात, नेमकी त्या पिवळ्या फेसात भिरकावली. आणि म्हणाली काय? "पानी हाय ना? मंग काढ हात घालून!"

अहो, तो ड्रायव्हर! चावी दिसतेय, गुडघाभर पाण्यात दिसतेय, पण हात घालेल तर शपथ! काठी शोधली, काठीनं निघेना. रुमाल गुंडाळला, पुढे झाला, मागे आला. क्लीनरला म्हणाला तू काढ, क्लीनर म्हणाला मेरे को नौकरी नहीं चाहिए! ऊन वर आलं तरी चावी पाण्यात आणि हा काठावर! ज्या पाण्याला 'पानी है सिर्फ' म्हणत होता त्यात बोटभर हात घालायची त्याची छाती नाही!

सुदाम तिथेच बसून लिहायला लागला. गोमा त्याच्यापुढे उभा राहून सगळं करून दाखवत होता, ड्रायव्हरचं ओरडणं, पायरीवर चढणं, चावी भिरकावणं, सगळं! आणि चंद्री? ती आपली झऱ्यावरून हंडा भरून आणायला निघून गेली होती, घरात प्यायला पाणी नव्हतं ना. दुपारनंतर मालकाचा माणूस दुसरी चावी घेऊन आला तेव्हा कुठे टँकर गेला. बायकांनी ड्रायव्हरला बोट लावलं नाही, उलट एकीनं त्याला भाकरी दिली. खाल्ली त्यानं. पाणी मात्र म्हणाला नको.

शनिवारी 'उल्हासकाठ'मध्ये पहिल्या पानावर बातमी! मथळा असा: 'स्वतःच ओतलेल्या पाण्यात हात घालायला ड्रायव्हर तयार होईना!' टेकचंदनं शाईच्या हातानं अंक उचलला, वाचला, त्याला मराठी वाचायला जरा वेळ लागतो, वाचून म्हणाला, "साईं, ये समोसे में नहीं जाएगा." सुदामला एवढा आनंद झालेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नाही. आणि सवयीप्रमाणे गेला की पोस्टात! तिकीट! सप्रेम भेट!

आणि बुधवारी मोठा पेपर.

सुदामनं स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर उघडला. मी शेजारी. आधी तर तो हसला, कारण त्याचीच वाक्यं. 'ओहोळाच्या पाण्याला फेस आला होता', सुदामचं. 'दगडावर डोके धरून बसलेला', सुदामचं. 'प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला', हेसुद्धा सुदामचं, जसंच्या तसं! आणि वर, आमच्या खास प्रतिनिधीकडून! तोपर्यंत ठीक. मग पानाची घडी उलगडून त्यानं वरचा मथळा वाचला. हसू गेलं. मथळा होता: 'कोयतेधारी जमावाचा टँकरवर हल्ला, ड्रायव्हर ओलीस'.

कोयतेधारी! अहो, सुदामनं लिहिलं होतं 'लाकडाला निघालेल्या बायका, कमरेला कोयते'. ते तिकडे मुंबईत पंख्याखाली बसून कुणीतरी वाचलं, त्याला वाटलं ह्यात मजा नाही, मग लाकडं काढली, बायका काढल्या, उरलं काय? कोयते! आणि चावीचं पाण्यात पडणं? गाळलं. ड्रायव्हरनं हात न घालणं? गाळलं. ज्यासाठी ती बातमी होती तेवढंच नेमकं गाळलं! चोरानं हारातला हिरा टाकून दोरा नेला, दोरा! आणि त्या दोऱ्यानं कुणाचा तरी गळा आवळला.

गंमत म्हणून नाही सांगत. टँकरच्या मालकानं तेच कात्रण लावून पोलिसांत तक्रार दिली. 'बघा, पेपरात आलंय!' वरून फोन आला. आणि गोमा आणि चंद्री, दोघांना चौकीत बोलावलं. रात्री सोडलं, पण रोज सकाळी यायचं, चौकीच्या ओट्यावर बसायचं, संध्याकाळी घरी जायचं. रोज! वाडीतून चालत! ज्या दिवशी चौकी त्या दिवशी लाकूड नाही, मजुरी नाही, चूल नाही.

हे सांगायला गोमाचा भाऊ सुकऱ्या आला सुदामच्या दारात. आत ये म्हटलं तर आला नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "तू येऊन लिवून गेलास, आन् तुझ्या पेपरानं आमाला धरून दिलं."

सुदाम म्हणाला, "अरे, तो माझा पेपर नाही!"

सुकऱ्या म्हणाला, "आमच्याकडं तर तूच आलेलास. दुसरा कोन आलेला?"

आता काय उत्तर आहे ह्याला, सांगा ना? सुकऱ्या बरोबरच बोलत होता! दुसरा कोण आला होता? कुणीच नाही! सुदाम त्या दिवशी जेवला नाही. चांगुणा मला भिंतीपलीकडून म्हणाली, भाऊजी, ह्यांना जरा समजवा. मी काय समजावणार? मीच दात खात होतो!

दुसऱ्या दिवशी सुदाम आपला अंक घेऊन चौकीत. मी बरोबर. ओट्यावर गोमा आणि चंद्री. गोमा मान खाली घालून, चंद्री सरळ बसलेली, हातात करवंदाची पाटी, म्हणजे बसल्या बसल्या विकायला आणलेली! हवालदारानंच दोन वाटे घेतले होते. सुदाम तिच्याकडे बघूसुद्धा शकला नाही, तडक आत फौजदारापुढे.

फौजदार खुर्चीत असा रेललेला. "हं, बोला संपादक."

"साहेब, ती बातमी खोटी आहे. मूळ बातमी माझी. हा बघा अंक. ह्यात कुठे हल्ला आहे? कुठे ओलीस आहे?"

फौजदारानं अंक दोन बोटांत धरला. "हे काय, साप्ताहिक? आणि ते? केवढा पेपर आहे तो! माझे वडील वाचायचे."

"साहेब, त्यांनी माझीच बातमी उचललीय!"

"म्हणजे ती बातमी तुमची?"

"माझीच!"

"मग 'कोयतेधारी जमाव' तुम्हीच लिहिलंत."

"नाही साहेब! ते त्यांनी घातलं!"

"मग बातमी त्यांची."

"नाही हो! बातमी माझी, कोयते त्यांचे!"

"हे बघा," फौजदार म्हणाला, "एक काय ते ठरवा. तुमची असेल तर कोयत्यांसकट तुमची. नसेल तर चालते व्हा, मला कामं आहेत."

सुदाम बाहेर आला तो कानाच्या पाळीपर्यंत लाल. म्हणाला, "चल मुंबईला." तसाच! कारखान्याच्या कपड्यांत!

मोठ्या पेपराचं ऑफिस. वॉचमन म्हणाला बसा. बसलो. बाकाला ढेकूण. दुपार झाली, चहावाला आमच्या नाकासमोरून वर जातोय, खाली येतोय. शेवटी बोलावलं. आत एक मुख्य उपसंपादक, चष्मा कपाळावर, तोंडात पान, त्यामुळे बोलताना हनुवटी वर. "हं, काऊय?"

सुदामनं दोन्ही अंक टेबलावर ठेवले, शेजारी शेजारी. त्या गृहस्थानं बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. आणि म्हणतो काय? "अरे वा! म्हणजे दोन्ही पेपरांनी विषय लावून धरला!"

"लावून धरला? अहो, माझी वाक्यं आहेत ही!"

"असं कसं? मराठी भाषा आहे. वाक्यं सारखी होणारच."

"क्रियापदांसकट?"

"अहो, बातमी काय कुणाच्या मालकीची असते का? बातमी समाजाची असते!"

"मग त्यावर 'आमच्या खास प्रतिनिधीकडून' का? 'समाजाकडून' लिहा की!"

हे सुदाम बोलला! मी म्हणणार होतो, पण तोच बोलला! गृहस्थ जरा चमकला. "आमचा प्रतिनिधी होता तिथे."

"कोण? नाव सांगा."

"आम्ही नावं सांगत नसतो."

"तो वाडीला कुठून गेला? वाट कुठली? ओढा डाव्या हाताला की उजव्या?"

"हे बघा, तुम्ही छोट्या जागी काम करता, तुम्हाला आनंद व्हायला हवा. तुमच्या भागाचा प्रश्न आम्ही मोठा केला!"

"मोठा केलात! दोन माणसं रोज पोलिसांच्या ओट्यावर बसतायत, एवढा मोठा केलात! निदान दुरुस्ती छापा."

"दुरुस्ती? आमच्या प्रतिनिधीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, दुरुस्ती कसली? या आता."

आलो परत. काय करता! सुदाम गाडीत दोन्ही अंक मांडीवर पसरून बसलेला. कल्याण गेलं, उल्हासनगर गेलं, अंबरनाथ गेलं… आणि बदलापूर यायच्या आत एकदम मांडीवर थाप मारली. माझ्या मांडीवर! "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणाला ना तो?"

"हो, म्हणाला."

"छापलंयसुद्धा?"

"छापलंय."

"मग झालं की!"

सकाळी पुन्हा चौकीत. फौजदार म्हणाला, "आलात? ठरलं का, कोयते कुणाचे?"

सुदाम एकदम नम्र. असा नम्र मी त्याला कधी पाहिला नाही. "साहेब, माझंच चुकलं. बातमी त्यांचीच. आणि बघा, तुमचा तर फायदाच आहे. इथे लिहिलंय, त्यांच्या खास प्रतिनिधीनं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे डोळ्यांदेखतचा साक्षीदार! एवढ्या मोठ्या पेपराचा! त्याला जबाबाला बोलवा, केस पक्की."

फौजदाराचा चेहरा उजळला, तुम्हाला सांगतो! रेललेला माणूस सरळ बसला. साक्षीदार म्हणजे त्यांना सोनं हो, एरवी माणसं साक्षीचं नाव काढलं की मामाच्या गावाला पळतात! लगेच रायटरला हाक, लगेच पत्र: 'आपले खास प्रतिनिधी, ज्यांनी सदर हल्ला समक्ष पाहिला, त्यांना जबाबासाठी पाठवावे.'

आणि मग काय सांगू! मोठा पेपर जो हलला! आधी फोन आला, प्रतिनिधी रजेवर आहेत. फौजदार म्हणाला, रजेवरून बोलवा. मग फोन, प्रतिनिधी आजारी आहेत. फौजदार म्हणाला, कुठल्या हॉस्पिटलात, मी तिथे येतो. मग फोन, प्रतिनिधींनी नोकरी सोडली. फौजदार म्हणाला, घरचा पत्ता द्या. एकदा पोलीस मागे लागला की लागला! त्याला आमच्या बाजूचं काही पडलं नव्हतं, त्याला साक्षीदार पाहिजे होता. रोज विचारायचा, "संपादक, कुठे हो तुमचा तो खास प्रतिनिधी?" आणि सुदाम म्हणायचा, "साहेब, मीपण त्यालाच शोधतोय. गेली कित्येक वर्षं!"

शेवटी तो पानवाला मुख्य उपसंपादक स्वतः आला. टॅक्सीनं! बिनापानाचा! घामाघूम! आणि त्यानं फौजदारापुढे लेखी दिलं. काय दिलं? पाठ आहे मला: 'सदर मजकूर आमच्या कोणत्याही प्रतिनिधीने पाहिलेला नसून तो साप्ताहिक उल्हासकाठ, संपादक श्री. सुदाम, यांच्या अंकावरून जसाच्या तसा घेतलेला आहे. कोयतेधारी जमाव, हल्ला व ओलीस हे शब्द संपादकीय संस्करणात पडले.' पडले! आभाळातून पडले!

म्हणजे बघा हं. पेपरात कधी नाही दिलं नाव. चहा पाजून नाही दिलं, विनवण्या करून नाही दिलं. पोलिसाच्या टेबलावर मात्र 'श्री.' लावून दिलं!

फौजदारानं मग आमचा अंक मागवला आणि पहिल्यांदा नीट वाचला. वाचता वाचता चावीच्या जागी आला आणि खो-खो हसायला लागला. टँकरच्या ड्रायव्हरला बोलावून विचारलं, काय रे, पाणीच होतं ना, मग हात का नाही घातलास? तक्रार गेली बारगळून, गोमा-चंद्रीची हजेरी बंद. टँकर त्या ओहोळावर यायचे थांबले. पलीकडच्या ओहोळावर जातात म्हणे, ते वेगळं. मोठ्या पेपरानं दुरुस्ती छापली का? छे! जागा नसेल!

पण त्या दिवशी सुदामचा आनंद काय वर्णावा! त्या कबुलीची नक्कल त्यानं फौजदाराकडून मागून घेतली आणि बाहेर ओट्यावर आला. गोमा बिडी पेटवत होता, चंद्री पाटी आवरत होती. सुदाम त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. आधी कबुली वाचली. "'जसाच्या तसा घेतलेला आहे!' ऐकलंस चंद्री? शेवटी कबूल करावं लागलं, बातमी कुणाची ते! दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालतात, लाज नाही वाटत!" आणि मग त्याच झोकात आपली मूळ बातमी वाचायला घेतली. ओहोळ आला, फेस आला… "'तेवढ्यात एका धाडसी आदिवासी महिलेने पुढे होऊन गाडीची चावी पाण्यात भिरकावली…'"

चंद्री म्हणाली, "ही कोन?"

"कोण?"

"ही एक महिला."

"अगं, तूच!"

"मंग चंद्री लिवायला शाई सरलेली काय?"

मी अंकाकडे बघितलं. चंद्रीनं मान पुढे केली. "वाच की फुडं."

पुढे काय होतं? सुदामला वाचवेना. तरी वाचलं, हळूच: "'आम्ही मरू, पण पाणी नासू देणार नाही,' असे वाडीचे श्री. गोमा यांनी आमच्याशी बोलताना सांगितले…"

"गोमा!" चंद्री म्हणाली. "गोमा तवा झोपलेला व्हता! चावी फेकून मी घरी आले, त्याला हालवून उठवला, आन् तुला बोलवायला धाडला. ह्ये मरू-बिरू मी बोलेली, त्याला उठवताना!"

गोमानं बिडी विझवली. खालीच बघत होता.

तुम्हाला सांगतो, मुंबईच्या त्या ऑफिसात न दबलेला माणूस, त्याची कानशिलं तापलेली मी पाहिली. बराच वेळ तो अंकाची घडी घालत बसला, उलगडून पुन्हा घालत बसला. मग म्हणाला, "चुकलं चंद्री. पुढच्या शनिवारी छापतो. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, तुझं नाव."

चंद्रीनं पाटी डोक्यावर घेतली. दोन पावलं गेली, मग मागे वळून चौकीच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "नको, ऱ्हाऊ दे आता गोमाचंच नाव. पुन्ना पोलिसांनी बोलावलं त त्योच येऊन बसंल."